पहिला घास शेजाऱ्याला

ज्या घरात मी वाढले तिथे पुष्कळ चुका खपून जात, पंक्तिप्रपंच मात्र खपत नसे. एकाच पंगतीला बसलेल्या दोन माणसांना वेगवेगळे वाढणे, एकाच्या भातावर तूप आणि दुसऱ्याच्या भातावर काहीच नाही, याला आपल्याकडे हा शब्द आहे. माझे वडील कागलला प्राथमिक शिक्षक होते. शाळेत खाऊ वाटायचा असला की ते मला रांगेच्या शेवटी उभे करीत. मी एकदा तक्रार केली, तेव्हा म्हणाले, "मास्तरची पोरगी पुढं उभी राहिली तर मागच्यांना वाटणार, मोठा लाडू तिलाच गेला. लाडू सारखेच असतात गं. पण सारखे आहेत हे दिसायलाही पाहिजे."

मी पुढे डी.एड. केले, काही वर्षे वर्गावर शिकवले आणि नव्वदच्या दशकात अंगणवाड्यांची मुख्यसेविका झाले. मुख्यसेविका म्हणजे आसपासच्या गावांतल्या अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई. प्रत्येक अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस असते. मुलांची वजने, लसीकरण, दुपारचा आहार, गाणी-गोष्टी हे सारे त्या दोघी पाहतात आणि ते नीट चालले आहे ना, हे मुख्यसेविकेने पाहायचे असते. माझ्याकडे गडहिंग्लज तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग होता, नेसरीच्या पुढचा, जिथे एका बांधावर मराठी आणि दुसऱ्या बांधावर कानडी ऐकू येते.

शिक्षिकेची सवय गेली नव्हती. रुजू झाल्यावर काही महिन्यांतच मी माझ्या सगळ्या अंगणवाड्यांत एक रीत घालून दिली. दुपारची खिचडी पुढे आली की मुलांनी लगेच खायचे नाही. प्रत्येकाने आपल्या ताटातला पहिला घास उचलायचा आणि उजव्या हाताला बसलेल्या मुलाच्या तोंडात घालायचा. मग आपण सुरुवात करायची. मुलांना ओळीत न बसवता गोलात बसवायचे, म्हणजे शेवटचे मूल रिकामे राहत नाही. यात सांडलवंड फार होई आणि मदतनीस बायका कुरकुरत. पण जे मूल स्वतःच्या हाताने जेवत नसे, तेही शेजारच्या मुलाच्या हातून खाई. जातीपातीचा प्रश्न तर कुणी बोलायच्या आधीच मिटे. तपासणीला येणारे साहेब लोक त्या गोलाजवळ थांबून हसत. मला या रीतीचा अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

दोन हजार साल उलटून काही वर्षे गेल्यावर तीव्र कुपोषित मुलांसाठी गावातच बालविकास केंद्र चालवायची योजना आमच्याकडे आली. तोवर असे मूल सापडले की आम्ही चिठ्ठी लिहून देत असू आणि आईने त्याला घेऊन कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात काही आठवडे राहावे, अशी अपेक्षा असे. ही अपेक्षा कागदावर बरी दिसे. ज्या बाईच्या घरी दुसरी लहान मुले आहेत, दारात म्हैस आहे आणि रोज भांगलणीला, शेतातले तण काढायला, जायचे आहे, ती कोल्हापुरात जाऊन बसणार कशी? आदल्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका मुलीसाठी मी स्वतः अशी चिठ्ठी लिहिली होती. चिठ्ठी घरातच राहिली आणि पावसाळ्यात मुलगी गेली.

नव्या पद्धतीत मूल गावातच राही. सकाळी आई त्याला अंगणवाडीत सोडी. दिवसभरात थोड्या थोड्या वेळाने त्याला खायला घालायचे: दूध, केळे, उकडलेला बटाटा, आणि शेंगदाण्याचा कूट, तेल नि साखर घातलेली खीर. त्या खिरीत मोड आणून वाळवून दळलेल्या धान्याचे चमचाभर पीठ घातले की घट्ट खीर पातळ होते आणि लहान पोटात जास्त पोषण मावते. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर येऊन तपासत, जंताचे आणि इतर औषध देत. रात्री मूल आपल्या आईजवळ झोपे. प्रशिक्षणात आम्हांला एक वाक्य पुनःपुन्हा सांगितले होते: अशा मुलाला दिलेले अन्न हे औषध समजा, ते त्याच्या वजनाच्या मापाने दिलेले असते आणि ते त्याच्याच पोटात गेले पाहिजे. मी ते वाक्य सेविकांकडून पाठ करून घेतले.

ज्या मुलाविषयी मी लिहिते आहे तो अडीच वर्षांचा होता. घर लिंगायत शेतकऱ्याचे. बाप इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा. घरात आजी, आई, हा मुलगा आणि त्याची चार पूर्ण होऊन पाचवे लागलेली बहीण. दारात दोन म्हशी होत्या. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जाई आणि पोरांना चहात बुडवलेले बेकरीतले कडक बटर मिळे. हे मी त्या घराला दोष द्यायला सांगत नाही. आमच्या दुधाच्या जिल्ह्यात अशी घरे मला गावोगाव भेटली.

दंडाचा घेर मोजायची एक कागदी पट्टी असते. ती मुलाच्या डाव्या दंडाभोवती लावायची. माप हिरव्यात आले तर मूल चांगले, पिवळ्यात आले तर मध्यम, लालमध्ये आले तर तीव्र कुपोषित. मुलाचे माप लालमध्ये बरेच आत गेले होते. कातडी सैल झाली होती आणि तो रडतही नव्हता, हे मला जास्त भीतिदायक वाटले. बहिणीचे माप पिवळ्यात आले.

आजी जोत्यावर बसून हे पाहत होती. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळाला विभूती. ती म्हणाली, "बाई, दंड मोजून काय व्हतंय? आमच्या घरातली समदी अशीच काटकुळी. ह्याचा बा बी असाच हुता."

"आजी, काटकुळं असणं वेगळं आणि हे वेगळं. यातून ताप आला, जुलाब लागले तर मूल उठत नाही."

"मग कोल्हापूरला न्ह्यायचं म्हणतासा? ते जमणार न्हाय. आदीच सांगतो."

"कोल्हापूरला नाही. गावातच. अंगणवाडीत."

"गावात व्हय? मग न्ह्या की. मोजा आनि काय मोजायचं ते." आणि सुनेकडे बघून म्हणाली, "अंडी बिंडी घालू नगा म्हणावं तेवढं."

अंड्याऐवजी दूध आणि केळे जास्त घालायचे ठरले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा येऊ लागला. आई भांगलणीला जाण्याआधी त्याला बहिणीच्या कडेवर देई आणि बहीण, जी स्वतः जेमतेम त्याच्या दुप्पट, त्याला घेऊन अंगणवाडीत येई. तिथे ती दिवसभर त्याच्याजवळ बसे. दुपारी इतर मुलांबरोबर तिला खिचडी मिळे. खीर, दूध, केळे मात्र लाल मापाच्या मुलांसाठी होते आणि त्या गावात तसा हा एकटाच होता.

पहिला आठवडा गेला, दुसरा सरत आला. वजन हलले नाही. अशा मुलाचे वजन खाणे सुरू झाल्यावर चढले पाहिजे. नाही चढले तर आत दुसरे काही दुखणे आहे असे समजून त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवावे लागते. आरोग्य केंद्राचे डॉक्टर तरुण होते आणि सरळ बोलत. ते म्हणाले, "मॅडम, वाट्या रिकाम्या होतायत असं तुमची सेविका म्हणते. मग जातंय कुठं? पुढच्या वजनाला फरक नाही दिसला तर मी ह्याला इथं ठेवू शकत नाही. कोल्हापूर."

कोल्हापूरला हे मूल जाणार नाही हे मला ठाऊक होते. आजीने ते आधीच सांगून टाकले होते. म्हणजे पुढच्या वजनाला काटा पुढे सरकला तर मूल जगण्याची आशा होती आणि नाही सरकला तर आणखी एक चिठ्ठी. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने त्या गावी गेले आणि कोपऱ्यातल्या सतरंजीवर जाऊन बसले. काही करायचे नाही, फक्त बघायचे, असे ठरवून.

खिरीची वाटी आली. बहिणीने ती दोघांच्या मध्ये ठेवली. चमचा भरून भावाच्या तोंडाजवळ नेला. त्याने ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

"खा की रं," ती म्हणाली.

"अक्का," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मला तो ओठांवरून कळला.

तिने एकवार सेविकेकडे पाहिले आणि तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला. मग त्याने तोंड उघडले. एक चमचा गेला. पुन्हा तोंड मिटले. "अक्का." पुन्हा एक तिच्या तोंडात. अशी ती वाटी दोघांनी मिळून संपवली, अगदी शिस्तीने, एकाआड एक. कुणी ओरबाडले नाही, कुणी सांडले नाही. वाटी रिकामी झाली तेव्हा बहिणीने ती उपडी करून सेविकेला दाखवली.

सेविका माझ्या शेजारी उभी होती. पन्नाशीकडे झुकलेली, मोठ्या आवाजाची बाई; गावात तिला कुणी उलटून बोलत नसे. मी विचारले, "हे रोज असंच चालतं?"

"व्हय की."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

ती गोंधळली. "म्याडम, मला वाटलं तुमास्नी आवडंल. तुमीच तर शिकवलंय, पैला घास शेजाऱ्याला. ह्यो तर समदंच घास देतोय. म्हटलं, बगा, केवढं गुणी पोरगं."

तो मुलगा ही रीत कुठे शिकला असेल, याचा मी हिशेब केला. तो आजारी पडण्यापूर्वी बहिणीबरोबर खिचडीच्या गोलात बसत असे. पहिला घास द्यायचा, मग खायचे. बाकी काहीही विसरायच्या अवस्थेत तो पोचला होता. हे विसरला नव्हता. भूक मेलेल्या मुलाच्या हाती खेळ म्हणून एवढेच उरले असावे. आणि ज्या मुलीच्या दंडाचे माप पिवळ्यात होते, तिने समोर आलेली खीर का नाकारावी?

सेविका म्हणाली, "मी काय म्हणतो, दोन चमचं जादा करू या की. पोरीचं बी व्हईल. कुनाचं काय जातंय?"

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण सामान लाल मापाच्या मुलांपुरते मोजून येत असे आणि त्या गावात पिवळ्या मापाची मुले डझनभर होती. एका मुलीला वाटी दिली तर उरलेली दारात येऊन उभी राहतील आणि त्यांना आपण काय सांगणार? एकाच गोलातल्या मुलांत फरक करायचा कसा? मी हे सेविकेला समजावून सांगितले. तिने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मला आजही वाचता येते. पंक्तिप्रपंच टाळायच्या नावाखाली मी पंक्तिप्रपंचच करीत होते आणि त्याला नियम म्हणत होते.

अंगणवाडी शाळेच्याच एका खोलीत भरे; मी बहिणीला बाहेर शाळेच्या व्हरांड्यात नेले आणि तिच्या उंचीला येईल अशी खाली बसले.

"हे बघ बाळ, भावाला जे देतात ना, ते औषध आहे. खीर दिसते, पण औषध आहे. औषध ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं."

"ग्वाड हाय की," ती म्हणाली.

"गोड औषध असतं कधी कधी. तू घेतलंस तर त्याला कमी पडेल आणि तो बरा होणार नाही."

तिने यावर विचार केला. मग बाही वर करून दंड माझ्यापुढे धरला. "बाई, मला बगा की."

पट्टी माझ्या पिशवीत होती. मी लावली. पिवळ्यात.

"जरा आवळा. आवळल्यावर लाल येतंय. मी बगितलंय."

मी म्हणाले, "पट्टी आवळायची नसते. कातडीला नुसती टेकली की पुरे. आवळली तर माप खोटं येतं."

"खोटं आल्यावर देत न्हाईत?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि बाही खाली केली.

मापाची पद्धत मी बरोबर शिकवली होती. त्यात एका अक्षराची चूक नव्हती. माझ्या डब्यात दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी होती, ती मी तिला दिली. तिने एक चपाती खाल्ली आणि दुसरी परकराच्या ओच्यात बांधली. ती कुणासाठी, हे विचारायला मला धीर झाला नाही, म्हणून मी एवढेच म्हणाले, "भावाच्या खाण्याच्या वेळी तू इथं व्हरांड्यात बसायचं. आत यायचं नाही. त्याच्यासमोर काही खायचं नाही. तो मागेल, पण तू घ्यायचं नाही. जमेल?"

"जमंल."

जमले. मुलांना एखादी गोष्ट करू नको म्हणून सांगितले तर ती तितकीशी पाळत नाहीत, हा माझा वर्गातला अनुभव. या मुलीने पाळली. दार लोटले जाई आणि ती व्हरांड्याच्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून बसे. आत भाऊ पहिल्या दिवशी काहीच खाईना. "अक्का, अक्का" म्हणून तो रडला. इतके दिवस न रडणारे मूल रडते आहे, हे खरे तर चांगले लक्षण होते. तो आवाज दाराबाहेर जात होता. मी खिडकीतून पाहिले, तर तिने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

"म्याडम, घिऊ का आत?" सेविकेने विचारले.

"नको."

"पोरगं उपाशी ऱ्हाईल."

"राहू दे. भूक लागू दे."

असे वाक्य मी एखाद्या मुलाविषयी बोलेन, असे मला कधी वाटले नव्हते. संध्याकाळच्या वाटीला त्याने सेविकेच्या हातून अर्धे खाल्ले. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. दुसऱ्या गावी तपासणी होती. खरे सांगायचे तर ती पुढे ढकलता आली असती.

वजन चढले. डॉक्टरांनी काट्याच्या झोळीतून मुलाला उचलले आणि म्हणाले, "शाब्बास रे पैलवान!" कोल्हापूरचा विषय संपला. त्यानंतर प्रत्येक वेळी काटा थोडा थोडा पुढे सरकत गेला. गालांवर मांस आले, पापण्या उघड्या राहू लागल्या, एक दिवस त्याने मदतनिसेच्या पदराला धरून उभे राहायचा प्रयत्न केला. केंद्र संपायच्या सुमारास माप लालमधून बाहेर येऊन पिवळ्यात स्थिरावले.

तेव्हा मी बहिणीला आत बोलावले. आता धोका नव्हता. म्हटले, ये, भावाजवळ बस. ती उंबऱ्याशी थबकली, मग येऊन त्याच्या उजव्या हाताला बसली. वाटी त्याच्यासमोर होती. तिने ती हात लावून सरळ केली, एवढेच. त्याने डावा हात वाटीभोवती टाकला, ती छातीशी ओढली आणि बहिणीकडे पाठ केली.

सेविका टाळी वाजवून हसली. "आता कसं! आता पोरगं मानसात आलं! बगा म्याडम, कुनाला द्यायचं न्हाय म्हणतंय."

बहीणही हसली. तिला खरेच गंमत वाटली असावी. तिने आपले हात मांडीखाली घेतले, म्हणजे भावाला शंका नको. मी हसले की नाही ते मला आठवत नाही. आमच्या प्रशिक्षणाच्या भाषेत ते उत्तम चिन्ह होते: मूल अन्नावर हक्क सांगू लागले होते.

केंद्राच्या समारोपाला आजी आली. तिने माझी ओटी भरली, आणि तिच्या घरात दुधाची पहिली ओंजळ ज्या देवापुढे जाते त्याची शपथ घेऊन म्हणाली की, बाईंनी पोर परत दिलं. मी तिला पुढची काळजी समजावून सांगितली. सकाळी थोडे दूध घरात ठेवा, शेंगदाण्याचा कूट भाकरीबरोबर द्या, दिवसातून पुष्कळदा थोडे थोडे द्या. ती प्रत्येक सूचनेला "व्हय बाई" म्हणत गेली. तिच्या त्या आज्ञाधारकपणाने मला समाधान वाटले. एक सूचना द्यायची राहिली, हे मला तेव्हा कळले नाही. कोणते मूल, किती दिवस, हे मी सांगितलेच नाही. ते मला सांगण्यासारखे वाटलेच नव्हते.

ते तीन-चार महिन्यांनी कळले. बरे झालेल्या मुलांच्या घरी पाहणीला जायचे असते, तशी मी जेवणाच्या वेळेला त्या घरी गेले. मुलगा सोप्यात पाटावर बसला होता. पुढे पितळी, तिच्यात भाकरी कुस्करून दूध घातलेले, बाजूला गुळाचा खडा. हिरव्यात माप येईल असे अंग भरलेले होते. बहीण दारातल्या म्हशीजवळ शेणाची पाटी घेऊन उभी होती. आई आत चुलीपाशी.

आजी उठून उभी राहिली. "या बाई, या! बसा. तुमी सांगितल्यापास्नं मोडलं न्हाय बगा. पैलं ह्याचं. ह्याचं पोट भरलं की मग हिचं. दूध बी ठेवतो ह्याच्यापुरतं. ही पन शानी हाय, ह्याच्या म्होरं खायला बसत सुदिक न्हाय."

मी म्हणाले, "आजी, ते तेवढ्या दिवसांपुरतं होतं. तो आजारी होता म्हणून. आता तो बरा आहे. आता दोघांना एकत्र बसवायचं, सारखं वाढायचं. दूधही दोघांना."

"असं कसं?" तिला माझी गंमत वाटली. "लागू पडल्यालं औशद कोन सोडतंय व्हय?"

"ते औषध पुरं झालं. आणि मुलगीही वाळलीय."

"ती आजारी न्हाय बाई. उभी हाय की चांगली. पाट्या उचलती. आनि पोरीच्या जातीला लई सवय नसलेली बरी." मग ती म्हणाली, "तुमीच दार लावून तिला भाईर बसवलंसा न्हवं? आमी तेवढं बी करत न्हाय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती मला धीर देत होती.

त्या घरात मुलाला आधी वाढायची ओढ माझ्या आधीपासून असणार. दोनपैकी कोण लालमध्ये गेले आणि कोण पिवळ्यात राहिले, हा निव्वळ योगायोग होता. पण आजवर त्या ओढीला घरात कुणी शिकलेला साक्षीदार नव्हता. आता होता. आईने कधी मुलीच्या ताटात दूध घातले असते, तर तिला अडवायला "बाईंनी सांगितलंय" एवढे पुरे होते.

मी मुलीला जवळ बोलावले आणि पट्टी काढली. माप पिवळ्यात होते, पण लालच्या रेघेला टेकलेले. मी पुन्हा लावून पाहिले. खोटे कशाला लिहू, ते लालमध्ये यावे असे मला वाटले. आले असते तर तिला केंद्रात घेता आले असते, खीर, दूध, केळे, डॉक्टर, सगळे. एखादे मूल जास्त आजारी असावे अशी इच्छा मी केली आणि माझ्या बोटांना पट्टी जरा ओढायचा मोह झाला. मी ओढली नाही. मुलगी माझ्या बोटांकडे बघत होती.

"आजी," मी म्हणाले, "मला आज तुमच्याकडं जेवायचंय. पण हिला माझ्या शेजारी वाढा. आधी हिला, मग मला."

पाहुण्याचा शब्द त्या घरात मोडत नसत. आईने लगबगीने पितळी आणली. भाकरी, आमटी, आणि माझ्याकडे एकदा बघून, वाटीभर दूध. मुलीने शेण लागलेले हात धुतले आणि येऊन बसली. पितळीकडे पाहिले. समोर पाटावरच्या भावाकडे पाहिले. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"जेव बाळ," मी म्हणाले.

"तुमी गेल्यावर जेवतो, बाई."

"का गं?"

तिने भावाकडे हनुवटीने खूण केली. "तो हाय की हितं."

मी तिला सांगितले की आता चालते. मीच सांगितले होते, मीच आता परवानगी देते. तिने ऐकून घेतले, मान डोलावली, आणि हात मांडीवरच ठेवले. आजी कौतुकाने म्हणाली, "बगा, कशी शानी हाय."

मी उठून गेले असते तर ती कदाचित जेवली असती. पण मी गेल्यावर ते दूध तिच्यापुढे राहिले असते याची खात्री नव्हती. मी बसून राहिले असते तर दूध राहिले असते आणि ती जेवली नसती. मी आईला हाक मारली आणि म्हणाले, "हिला पितळीसकट आत घेऊन जा. चुलीपाशी बसव. दार लोटून घे." आईने माझ्याकडे पाहिले. त्या बाईने इतक्या महिन्यांत माझ्याशी मोजकेच शब्द उच्चारले होते. एका हातात पितळी, दुसऱ्या हाताने मुलीचा दंड, अशी ती आत गेली.

मी सोप्यात बसून आजीशी बोलत राहिले. म्हैस किती दूध देते, दुसरी केव्हा विणार, इचलकरंजीला तिच्या मुलाला सुट्टी मिळते का. मुलगा मध्येच उठून आतल्या दाराकडे निघाला तेव्हा मी त्याला मांडीवर ओढले आणि त्याच्या हातात माझी पिशवी दिली. त्याने ती उलटी केली, पट्टी बाहेर पडली, तो तिच्याशी खेळू लागला. दार लोटलेलेच होते. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता.

बऱ्याच वेळाने आई एकटीच बाहेर आली. पितळी रिकामी होती आणि दुधाची वाटीही. तिने ती आजीच्या समोरून नेऊन मोरीत ठेवली आणि माझ्यासाठी पान वाढायला घेतले. आयुष्यभर रिकाम्या वाट्यांवर विश्वास न ठेवायला शिकलेली मी, त्या दुपारी आत जाऊन पाहिले नाही. आईने वाढलेली भाकरी मी सगळी खाल्ली आणि शेवटच्या एसटीने परत आले.